माइकची पंगत

रोह्याचा पूल ओलांडून अष्टमीत शिरलं की डाव्या हाताला एक गाळा लागतो. वर पाटी, 'रंभा साउंड'. नुसती पाटी नव्हे, काळ्या स्पीकरच्या पेट्यांवर, वायरींच्या ट्रंकांवर, टेम्पोच्या मागच्या फळीवर, जिथं म्हणून ब्रश टेकेल तिथं पांढऱ्या रंगात 'रंभा'. तालुक्यात असं एक लग्न नसेल, एक सप्ताह नसेल, एक प्रचारसभा नसेल, जिथं लोकांनी हे नाव वाचलं नाही. वाचलं सगळ्यांनी. पण ज्या बाईचं नाव, तिचा आवाज त्यांनी कधी त्या पेट्यांतून ऐकला का? छे! ती उभ्या जन्मात एकदाच माइकसमोर बसली. त्या एका वेळेचंच सांगतो आहे, पण दमानं सांगू द्या.

केरू हा तिचा नवरा. साठीला टेकलेला, अंगानं काटकुळा आणि डोक्यानं तापट. घरची भातशेती भावाच्या गळ्यात टाकून तरुणपणी कर्ण्याच्या नादाला लागला तो लागलाच. सभेत कुणी पुढाऱ्यानं माइक हातात घेऊन फू फू केलं की याच्या तळपायाची आग मस्तकात. स्टेजवर चढून, चारचौघांत, "अरे फुकतोस काय? चूल हाय का ती?" असं म्हणायला हा मागंपुढं पाहायचा नाही. त्यापायी कामं गेली, पण बोलावणारे पुन्हा यालाच बोलवायचे. कारण केरूनं लावलेला साउंड कधी शिट्टी मारत नसे. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कीर्तनकाराचा शब्द न् शब्द कळायचा.

या केरूच्या डोक्यातून मंडळ निघालं. पेण-रोह्याकडचे साउंडवाले, घरात छोटा स्टुडिओ थाटलेले, भजनांच्या रेकॉर्डिंगची हौस असलेले, असे दहा-बाराजण. जमायचे दर अमावस्येला. लोकांनी याचं भलतंच काहीबाही केलं. अष्टमीत पोरं म्हणायची, "केरूची भुतं आली बघा." पण कारण साधं होतं. अमावस्येला कुणी लग्न काढत नाही, सत्यनारायण घालत नाही, दुकानाची फीत कापत नाही. साउंडवाल्याला महिन्यातून हक्काची सुट्टी ती एवढीच. मग एका महिन्यात अष्टमीत केरूच्या गाळ्यात, एका महिन्यात पेणला धनेशकडे.

धनेशच्या घरचा गणपतीचा कारखाना. त्यानं मागची एक खोली गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकून बंद केली आणि तिला स्टुडिओ म्हणू लागला. दाराबाहेर बिनरंगाचे गणपती ओळीनं बसलेले आणि आत ही मंडळी वायरींच्या गुंत्यात. रोह्याचे त्र्यंबकमास्तर, निवृत्त झालेले, जुने माइक जमवायचे आणि ते पंच्यात गुंडाळून आणायचे. पेणचा अनय मुंबईला हेच शिकून आलेला पोरगा. वडील प्राध्यापक, घर जुनं खातंपितं, बोलणं मऊ. मोठमोठ्या मशिनींची नावं त्याला पाठ, पण केरूला काका म्हणायचा आणि मनापासून ऐकायचा.

बैठकीतला मुख्य कार्यक्रम म्हणजे पंगत. हा शब्दही केरूचाच. ज्यानं त्यानं आणलेले माइक एका ओळीत मांडायचे, समोर एकच माणूस बसवायचा. तोंडापासून माइक एक वीत. त्यानं प्रत्येक माइकपुढं तेच शब्द, त्याच आवाजात म्हणायचे, "हॅलो, एक, दोन, तीन." वाढप्यानं पंगतीत कुणाला कमी-जास्त वाढायचं नाही, तसं. मग पडद्यामागून एकजण ते वाजवणार, कुठला माइक ते न सांगता, आणि बाकीचे डोळे मिटून हात वर करणार. ज्याला हात जास्त त्याच्यावर त्या दिवशीचं खरं रेकॉर्डिंग. एकदा एका भजनी बुवांचं गाणं घाईघाईत भलत्याच माइकवर घेतलं होतं आणि बुवा पिंपात बसून गायल्यासारखे ऐकू आले. तेव्हापासून केरूनं नियमच करून टाकला, पंगत उठल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. कितीही घाई असो.

रंभा चहा घेऊन यायची आणि दारात उभी राहून हसायची. "शिकलेसवरले दहाजण, पण तीनच्या पुढं मोजता येत नाय एकालाबी. आन् तेवढंबी परत परत मोजतात!" असं म्हणून कप ठेवून निघून जायची. मास्तर खो खो हसायचे. केरू हातानंच तिला गप्प करायचा, कारण मशीन चालू असायचं.

तसा तिचा आवाज दांडगा. पलीकडच्या आळीतल्या केरूला तिनं हाक मारली की तो हातातलं काम टाकून यायचा. मागल्या पावसाळ्यात तो आवाज बसला. सर्दी असेल, म्हणून ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झालं, रोह्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. दिवाळी आली तरी घोगरेपणा जाईना. केरूच्या मात्र लक्षात यायला वेळ लागला. अहो, दुसऱ्याच्या गळ्यातली बारीकशी खरखर ज्याला मांडवाच्या टोकाला उभं राहून कळायची, त्याला घरातली कळली नाही! घरात त्याच्या कानावर कायम हेडफोन. ती बोलायची, तो मान हलवायचा, काय म्हणाली ते पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचा.

शेवटी मुलगीच, समीक्षा, फोनवर ओरडली. ती कोलाडला दिलेली, नवरा कंपनीत शिफ्टला जाणारा. "बाबा, आईचा आवाज असा का येतोय? तुम्ही ऐकता का नाही?" मग मुंबई झाली, तपासण्या झाल्या. डॉक्टर भला माणूस होता, खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, गाठ स्वरयंत्रातच आहे आणि पसरली आहे, सगळं काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज नाही वाचणार.

घरी आल्यावर रंभेनं पाय धुतले, दिवा लावला आणि ओटीवर येऊन बसली. म्हणाली, "अवो, एक काम होतं तुमच्याकडं."

लग्नाला पस्तीस वर्षं होत आलेली, आणि बाईनं त्याच्या धंद्यातलं म्हणून मागितलेलं हे पहिलं काम.

तिच्या माहेरी एक पाळणा होता. तिच्या आईचा, आईच्या आईचा. कोलाडच्या पलीकडचं ते लहानसं गाव, तिथंही तो फक्त यांच्या घरात म्हणत. तोही केव्हा, तर बारशाला, पोर पाळण्यात घातल्यावरच. रिकामा पाळणा हलवू नये तसा तो पाळणा रिकाम्या घरात म्हणू नये, अशी त्यांची रीत. रंभेला बहीण नाही, आई कधीच गेली. समीक्षाच्या बारशाला माहेरी रंभेनं तो म्हटला होता, पण तेव्हाच्या बायका आता उरल्या नाहीत, केरू त्या दिवशी कुठल्याशा मांडवात होता, आणि जिच्यासाठी म्हटला ती तेव्हा बारा दिवसांची. आता समीक्षाला पाचवा महिना. पोर जन्माला येईल तेव्हा आजीच्या गळ्यात आवाज नसणार.

"मी एकदाच म्हणीन," रंभा म्हणाली. "रीत मोडून म्हणायचा, पोटातल्या पोराला काय होवू नये म्हणून एकदाच. तुमी तेवढा धरून ठेवा."

केरू तिच्याजवळ सरकला. तो म्हणाला, "धरतो गो. असा धरतो का तुझी नात म्हातारी होईल तरी तो नवाच राहील."

समीक्षा म्हणाली, "बाबा, आत्ताच्या आत्ता मोबाइलवर घ्या आणि मला पाठवा." झालं! केरू भडकला. "मोबाइलवर? रंभा साउंडच्या रंभेचा आवाज मोबाइलवर? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." आणि तिनं एकदाच म्हणायचं म्हणजे तर तयारी चोख हवी, दुसरी संधी नाही. त्याच्या हिशेबी हे बरोबरच होतं. ऑपरेशनची तारीख अमावस्येनंतरची. बैठक या खेपेला पेणला. धनेशची खोली सगळ्यात शांत, अनयकडं सगळ्यात चांगली मशिनं, मास्तरांकडं जुना सोन्यासारखा माइक. बायकोसाठी याहून चांगलं कुठं मिळणार? पार ठरवून टाकलं त्यानं. रंभेनं नुसती मान हलवली. डॉक्टरांनी तिला कमीच बोलायला सांगितलं होतं.

थंडीचे दिवस. टेम्पोत पुढं दोघंच. भात निघून गेलेल्या शेतांत वाल वर आला होता, आणि नागोठणं मागं पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवंगार दिसू लागलं. गडबच्या अलीकडं रंभा काचेतून बाहेर बघत होती. बघता बघता ती गुणगुणायला लागली. आधी नुसते सूर, मग शब्द. तिचं तिलाही कळलं नसावं. केरूनं गाडी सावकाश केली. इंजिनाच्या घरघरीतून तो आवाज त्याच्यापर्यंत येत होता, आणि त्याच्या काळजात लकाकलं. आज आवाज लागला होता! कित्येक महिन्यांत असा लागला नव्हता.

"रंभे, आज घसा सुटलाय गो! खरखर केवढी कमी हाय. वरती जाताना जरा फाटतो, पण चालंल, तेवढं चालंल."

ती हसली आणि म्हणतच राहिली. केरू कान देऊन ऐकत होता. कुठं दम कमी पडतो, कुठं 'स' टोचतो, माइक थोडा तिरका धरावा लागेल का, सगळं मनात मांडत होता. दुसरं की तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा त्यालाच धास्ती वाटली. "बास बास, आता जपून ठेव. तिथं पोचल्यावर."

ती थांबली. ओळ अर्धीच राहिली. केरूचा फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता.

पेणला धनेशनं त्या दिवशी कारखाना बंद ठेवला होता. कारागिरांना सुट्टी दिलेली, घासायचं मशीन बंद, शेजारच्यालाही हात जोडून ठेवलेले. "काकी, आज इथं टाचणी पडली तरी ऐकू येईल," म्हणाला. मास्तरांनी पंच्याची घडी उलगडून त्यांचा जुना माइक काढला, जो ते कुणाला हात लावू देत नसत. अनयनं मुंबईच्या मित्राकडून मोठा परदेशी माइक मागून आणला होता. कुणी साताजन्मात न दाखवलेला माइक आणलेला, कुणी दोन. रंभाकाकीसाठी म्हणून प्रत्येकानं घरातलं उत्तम ते आणलं होतं. कधी नव्हे एवढी मोठी पंगत बसली. आणि तिथंच घात झाला.

रंभा खुर्चीवर बसली, पदर नीट केला. केरूनं तिच्या तोंडापासून वीत लावली.

"हॅलो, एक, दोन, तीन," रंभा म्हणाली आणि तिला हसू आलं. "आता मलाबी तीनच्या पुढं येत नाय बघा."

सगळे हसले. केरू म्हणाला, "हसू नको गो, परत घे. सगळ्यांपुढं सारखं यायला हवं."

दुसरा माइक. तिसरा. चौथ्याला हमिंग यायला लागलं, बारीक गुणगुण, मच्छर कानाशी यावा तशी. कुठून येतं ते सापडेना. वायरी बदलल्या, पेट्या बदलल्या, धनेश जमिनीत अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून आला. रंभा खुर्चीवर बसून होती, कुणीतरी दर थोड्या वेळानं "काकी, जरा बोला" म्हणायचं आणि ती एक, दोन, तीन म्हणायची. हमिंग गेलं. मग कळलं, आधीच्या तिन्हींतही ते बारीक होतंच, म्हणून पंगत पहिल्यापासून. नियम म्हणजे नियम. पडदा लावला, डोळे मिटले, हात वर झाले. मास्तरांच्या आणि अनयच्या माइकला सारखेच हात. तेव्हा ते दोन पुन्हा.

एव्हाना तिचा आवाज उतरणीला लागला होता. पहिल्या माइकला जेवढा वाढला तेवढा शेवटच्याला वाढायला तिच्याकडं उरला नव्हता. इतके कान त्या खोलीत, आणि कुणालाच कळलं नाही असं नाही. अनयला कळलं. तो हळूच म्हणाला, "काका, आहे त्यावरच घेऊया का आता? कुठल्याही माइकवर. काकी दमल्यात."

"ती एकदाच म्हणणार हाय!" केरू कडाडला. "एकदाच! आन् तू म्हणतोस कुठल्याबी?"

रंभेनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. "अवो, बास करा आता. म्हणून टाकते मी."

"गप गो. एकच राहिलाय."

तो एकही झाला. मास्तरांचा माइक ठरला. केरूनं हेडफोन चढवले, लाल दिवा लागला, रिवाजाप्रमाणे सगळे थोडा वेळ श्वास धरून स्वस्थ राहिले. केरूनं बोट खाली केलं. रंभेनं डोळे मिटले, पाळण्याची दोरी धरावी तसा हात पुढं केला आणि तोंड उघडलं.

केरूच्या कानात तिचा श्वास आला. ओठ सुटल्याचा आवाज आला. आणि मग नुसता वारा. तिनं गिळलं, पुन्हा तोंड उघडलं. वाराच. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, डोळे उघडले, तिनं घाबरून केरूकडं बघितलं.

आणि केरूनं काय केलं? त्यानं वायर तपासली. अहो, बायको समोर तोंड उघडून बसलीय, आणि हा खाली वाकून माइकची पिन हलवून बघतोय! एवढ्या वर्षांची सवय ती. आवाज येत नाही म्हणजे वायर गेली असणार. धनेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो उठला.

मग गरम पाणी झालं, आलं-गूळ झालं, धनेशच्या आईनं तव्यावर मीठ भाजून फडक्यात बांधून दिलं. उन्हं कलेपर्यंत सगळे बाहेर गणपतींच्या ओळीत बसून राहिले. आवाज काही परत आला नाही. येताना गडबपाशी केरूनं खिशातला फोन काढून रंभेपुढं धरला. "म्हण गो इथं. जमंल तसं म्हण. हळू म्हण." ती तोंडाजवळ फोन घेऊन कुजबुजली, पण टेम्पोच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, आणि गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं तरी ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला धाप लागायला लागली. मुंबईला नेलं, तारखेची वाट न बघता ऑपरेशन केलं. ती जगली. गळ्याच्या मुळाशी एक भोक, त्यातून श्वास. आवाज कायमचा बंद. केरूनं डॉक्टरला विचारलं, "बोलून बोलून झालं का हे? त्या दिवशी फार बोलायला लावलं आमी तिला." डॉक्टर म्हणाला, गाठच वाढली होती, आज ना उद्या व्हायचंच होतं. केरूनं ते ऐकून घेतलं. आज ना उद्या, ठीक आहे. पण सकाळी गडबला आवाज होता. मधे फक्त पंगत होती.

पुढच्या बैठकीला मंडळी अष्टमीत आली. येऊ नये असं प्रत्येकाला वाटलं होतं, पण न येणं त्याहून वाईट दिसलं असतं. रिवाज असा, की मागल्या पंगतीचं एकदा सगळ्यांनी पुन्हा ऐकायचं. धनेश म्हणाला, राहू दे. केरू म्हणाला, "लावा."

पेटीतून रंभा बोलली. "हॅलो, एक, दोन, तीन." आवाज जशाच्या तसा, जणू पडद्याआड बसली आहे. मग पुन्हा. मग पुन्हा. इतकं सुंदर काम मंडळानं त्याआधी केलं नव्हतं. ना हमिंग, ना खरखर. कुणीतरी सवयीनं म्हणालं, "हा जरा बोजड वाटतो." आणि केरू, डोळे मिटलेला केरू, म्हणाला, "व्हय. पण पुढच्यात घसा बघ कसा मोकळा येतो. छातीतला आवाज पकडलाय त्यानं."

म्हणाला आणि आपलेच शब्द ऐकून गार पडला. पेटी चालूच होती. शेवटच्याच्या आधीच्या माइकनंतर कुणी मशीन बंद केलं नव्हतं. "अवो, बास करा आता. म्हणून टाकते मी." आणि लगेच एक तापट, चिडका आवाज, जो आपला आहे हे केरूला क्षणभर ओळखताच आलं नाही. "गप गो. एकच राहिलाय."

रंभा दारात उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. गळ्याला पांढरं फडकं. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, नेहमीसारखा प्रत्येकापुढं कप ठेवला, केरूपुढं ठेवला, आणि परत गेली. मास्तर तोंडाला पंचा लावून रडले. केरूला रडू आलं नाही. तो पेटीपुढं बसून राहिला. त्यानंतर पंगत कधी मांडली गेली नाही.

केरूचे दिवस कसे गेले ते काय सांगू? गाळा उघडायचा, बंद करायचा. लग्नाची कामं धनेशकडं वळवली. कानावरचे हेडफोन त्यानं काढून टाकले, कारण रंभा आता वाटीवर चमचा वाजवून त्याला हाक मारायची, आणि ती हाक चुकू नये एवढंच त्याला उरलं होतं. जेवताना, निजताना, पुलावरून चालताना तो एकच करायचा, गडबचा तो रस्ता आठवायचा. वालाची शेतं दिसायची. आवाज ऐकू यायचा, ती मऊ झालेली खरखर, वर जाताना फाटणारा तो एक सूर. अगदी स्पष्ट.

समीक्षा बाळंतपणाला आली, मुलगी झाली. बाराव्या दिवशी घरात बारसं. शेजारच्या बायका जमल्या, घुगऱ्या वाटल्या, नात पाळण्यात घातली. रंभेनं रात्रंदिवस आठवून पाळण्याचे शब्द समीक्षाच्या फोनवर लिहून ठेवले होते. समीक्षानं वाचले.

नीज नीज पाखरा, भात आला खळ्याला,
मामा गेला बाजाराला, वाळा आणतो पायाला.

"छान हाय गो," शेजारची गोदूबाई म्हणाली. सगळ्या आळीचे पाळणे तीच म्हणायची. "पण चाल? चाल कशी?"

समीक्षानं आईकडं पाहिलं. रंभेनं हात वर केला आणि दाराशी उभ्या असलेल्या केरूकडं बोट दाखवलं. त्यांनी ऐकलाय. जगात आता त्यांनीच ऐकलाय.

"बाबा, या ना," समीक्षा म्हणाली. "म्हणून दाखवा."

केरू पाळण्यापाशी आला. बायकांनी त्याला जागा करून दिली. त्यानं डोळे मिटले, आणि तेव्हा त्याला कळलं. त्याला रंभेचा आवाज आठवत होता. कुठं दम तुटला ते, कुठं 'स' टोचला ते, इंजिन कुठल्या गियरवर होतं तेसुद्धा. चाल आठवत नव्हती. त्यानं त्या वेळी चाल ऐकलीच नव्हती. तो नुसता आवाज तपासत होता.

रंभेनं वाटी घेतली आणि चमच्यानं ठेका धरला. केरूनं तोंड उघडलं. निघालं ते कुठल्यातरी आरतीसारखं. रंभेनं मान हलवली, नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. आयुष्यभर मांडवामांडवांतून वाजवलेल्या परक्या चाली एकामागून एक त्याच्या तोंडात येत होत्या, हिचीच तेवढी येत नव्हती. नाही. पुन्हा. नाही. त्याचं कपाळ घामानं भरलं. कोपऱ्यातली एक बाई उगीच खोकली. नात कुरकुरायला लागली.

"थांब गो," केरू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "एकदा. अजून एकदाच."

त्यानं म्हटलं. कसंतरी, वेडंवाकडं, सप्ताहातल्या कुठल्यातरी अभंगाच्या अंगानं जाणारं. आणि रंभेनं चमचा थांबवला. त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हातानं 'बास' केलं आणि मान डोलावली. हो. हीच.

"हीच व्हय?" गोदूबाई खूश झाली. "सोपी हाय की!" तिनं तोच सूर उचलला, बायकांनी तिच्यामागून धरला, समीक्षानं डोळे पुसून फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं, आणि पाळणा हलायला लागला. नात त्या चालीवर झोपली. ती रंभेच्या आईची चाल नव्हती. हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. एकीला सांगता येत नव्हतं, आणि दुसऱ्याचं धाडस होत नव्हतं.